तसबिरीत न मावलेला चेहरा



माझ्या घरी भिंतीवर आईची तसबीर आहे. ती गेल्यानंतर ओळखपत्राच्या छायाचित्रावरून मोठी करून घेतलेली. तिच्यातील आई ताठ, धास्तावलेली दिसते. प्रत्यक्षात ती बोलता बोलता हसणारी होती. कालांतराने ध्यानात आले, की डोळे मिटले तरी मला तसबिरीतलाच चेहरा आठवतो.

१८३९ मध्ये पॅरिस येथे दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. आरंभी प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. मान हलू नये म्हणून पुढे डोक्यामागे लोखंडी आधार लावू लागले. हसू इतका वेळ टिकत नाही. त्या काळचे चेहरे गंभीर असण्याचे हे एक कारण होय. याउलट रेम्ब्रांटने आयुष्यभर स्वतःला पुनःपुन्हा रंगविले. १६६९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, रंगविलेल्या आत्मचित्रातही त्याने सैल पडलेली त्वचा लपविली नाही. छायाचित्रात एक क्षण थांबतो. रंगचित्रात अनेक बैठकींतील पाहणे साठते.

‘व्यक्तिचित्र’ हा शब्द मराठीत रंगांच्या आणि शब्दांच्या, अशा दोन्ही चित्रांसाठी चालतो. भाषेचा अभ्यासक असूनही त्याचा अर्थ मला उशिरा उमगला. मी आईचे बोलणे लिहू लागलो: हाक मारताना ती माझ्या नावाचा शेवटचा स्वर लांबवी, रागावली की अचानक ‘अहो’ म्हणे. लिहिता लिहिता ती पुन्हा हसू लागली.

आपणही घरातील एखाद्या तसबिरीसमोर बसा आणि तिच्यात जे आले नाही, ते लिहा.