प्रश्न तोच, विलंब कां?

संगणकापुढें सिद्ध झालेली गोष्ट निर्विवाद होय, अशी सुशिक्षितांची एक समजूत आहे. ती किती ठिसूळ आहे हें आमच्या महाविद्यालयांतील शुल्कसवलतीच्या यादीनें आम्हांस दाखविलें. ही यादी एसक्यूएल सर्व्हरमधील नोंदींवरून अहवालाच्या रूपानें निघते. वाणिज्य शाखेची यादी मागावी, तर दहा-दहा मिनिटें पडद्यावर नुसतें चक्र फिरे. अहवाल रचणाऱ्या तरुण कारकुनानें तोच प्रश्न मॅनेजमेंट स्टुडिओंत थेट विचारला आणि २ सेकंदांत उत्तर काढून दाखविलें. समितीचा निष्कर्ष तत्काळ: मग अहवालच त्यानें वाईट रचला आहे! इकडे शुल्क भरण्याची मुदत जवळ येत होती. ज्यांच्या घरीं पैसे नाहींत त्यांना या निष्कर्षाचा काय उपयोग?

आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. यंत्रविद्येंत गति बेताचीच. तरी एका स्नेह्याच्या साह्यानें आम्ही प्रकरणाच्या मुळाशीं गेलों. अहवालयंत्रणा एक वही ठेविते. तींत माहिती आणणें, ती जुळविणें व पानें सजविणें या तिन्ही कामांचा वेळ निरनिराळा, मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. आमचा जवळजवळ सर्व वेळ पहिल्याच रकान्यांत होता. अर्थात् मांडणी, म्हणजे कारकुनाची कामगिरी, निर्दोष होती.

गंमत अशी कीं सर्व्हर प्रत्येक विचारणेस नव्यानें विचार करीत नाहीं. प्रथम जें मूल्य पुढें येईल तें पाहून तो शोधाचा आराखडा आखतो व पुढील सर्वांसाठीं तोच राखून ठेवितो. एरवीं ही रीत श्रम वांचविणारीच. पण त्या रात्रीं यंत्र पुन्हा सुरू झालें होतें आणि सकाळची पहिली विचारणा तत्त्वज्ञान शाखेची, विद्यार्थी अवघे १८! अठरा नांवांसाठीं सूचीवरून एकेक नोंद काढणें शहाणपणाचें; वाणिज्याच्या ३००० नांवांसाठीं तीच रीत म्हणजे दर पुस्तकाला कपाटापर्यंत स्वतंत्र खेप. या प्रकारास 'पॅरामीटर स्निफिंग' असें घ्राणेंद्रियप्रधान नांव आहे.

मग थेट प्रश्न सुटला कसा? 'अरिथअबॉर्ट' नांवाची एक कळ मॅनेजमेंट स्टुडिओंत मुळांतच चालू असते, अहवालाच्या जोडणींत बंद. कळ निराळी कीं आराखडाही निराळा ठेविला जातो. शिवाय हातानें विचारतांना शाखेचें नांव बहुधा प्रश्नांतच लिहितात, म्हणजे मजकूरही तोच राहत नाहीं. ती कळ फिरवून रोग बरा झाला असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक नवा आराखडा मिळाला, एवढेंच.

आमच्या कारकुनानें प्रश्नाच्या शेवटीं 'रीकंपाइल' ही सूचना जोडली. आतां दर वेळीं आखणीचा थोडा खर्च पडतो, पण वाणिज्याची यादी ४ सेकंदांत येते. मुदतीच्या आदल्या दिवशीं ती फलकावर लागली. समितीच्या इतिवृत्तांत मात्र 'कारकुनाच्या अहवालांतील दोष दूर झाला' असें वाक्य गेलें आहे. आम्हीं त्यास दुरुस्ती सुचविली असून, ती पुढील सभेच्या कार्यपत्रिकेवर ७ व्या क्रमांकावर आहे.