उसना आनंद

मनुष्याच्या आवडीनिवडींची परीक्षा घेणारे लोक जगांत थोडे नाहींत. एखादी गोष्ट आपणांस आवडते एवढें सांगून त्यांच्यापुढें भागत नाहीं. ती कां आवडते, आणि ती आवडण्याचा आपणांस अधिकार काय, याचाही जबाब द्यावा लागतो. आमची एक आवड अशीच वादांत सांपडलेली आहे. आम्ही जन्मानें ख्रिस्ती नाहीं. जर्मन भाषेचें आमचें ज्ञान कोशाच्या आधारानें चार ओळी लावण्यापलीकडे गेलेलें नाहीं. आणि पाश्चात्य संगीताचें रीतसर शिक्षण आम्हांस कधींच मिळालें नाहीं. असें असूनही दरवर्षीं नाताळ आला कीं योहान सेबास्टियन बाख याच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’च्या तबकड्या आम्ही कपाटांतून बाहेर काढतों, आणि त्या ऐकल्यावांचून आमचें वर्ष पुरें होत नाहीं.

ऑरेटोरिओ हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा नसेल त्यांस तो नाटकापेक्षां कीर्तनाच्या उपमेनें लवकर समजेल. येथें रंगभूमि नाहीं, वेष नाहीं, अभिनय नाहीं. ‘इव्हँजेलिस्ट’ म्हणविला जाणारा निवेदक बायबलांतील कथा गद्यप्राय स्वरांत सांगत जातो. मध्येंच ती थांबते आणि एखादा गायक त्या प्रसंगाचें मनन करतो. मग सर्वांच्या परिचयाचें एखादें भजन समूह एकमुखानें म्हणतो, आणि कथा पुढें चालूं लागते. बाखच्या या कृतीचे सहा भाग आहेत. ते एका बैठकींत गाण्यासाठीं रचलेले नव्हते. १७३४ सालच्या नाताळांत, २५, २६ व २७ डिसेंबर, १ व २ जानेवारी आणि ६ जानेवारी अशा सहा दिवशीं, लाइपझिग शहरांतील सेंट निकोलस व सेंट थॉमस या चर्चांत ते उपासनेचा भाग म्हणून गाइले गेले. आम्हीही तोच क्रम पाळतों. दिवसाला एक भाग, सुमारें अर्धा तास, अधिक नाहीं. नैवेद्याचें ताट एका घासांत संपवूं नये.

आमच्याजवळ आहे तें ध्वनिमुद्रण कार्ल रिख्टर यानें १९६५ सालीं म्यूनिक येथें, तेथील आपला बाख समूह व बाख वाद्यवृंद घेऊन केलेलें होय. रिख्टर हा धर्मोपदेशकाचा मुलगा. ज्या सेंट थॉमस चर्चच्या संगीताची व्यवस्था बाखनें १७२३ पासून मरेपर्यंत पाहिली, तेथेंच तो तरुणपणीं ऑर्गन वाजवीत असे. १९५१ सालीं तो म्यूनिकला आला व १९८१ सालीं तेथेंच वारला. त्याच्या हाताखालीं पहिला भाग सुरू होतो तो नुसत्या नगाऱ्यानें. पांच टोले, एकट्याचे. त्यांस बासऱ्या उत्तर देतात. पुन्हां टोले पडतात, आणि या खेपेस ओबो, म्हणजे सनईच्या जातीचीं वाद्यें, बोलूं लागतात. मग तंतुवाद्यें धांवत सुटतात, तुताऱ्या चढतात, आणि वाद्यांनीं सर्व अंगण झाडून सारवून ठेवल्यावर समूह एका स्वरांत प्रवेश करतो. तुतारी मोरीस आंद्रे या फ्रेंच वादकाची आहे. तिचा आवाज इतका निर्मळ कीं, ती फुंकावी लागत असेल हें कांहीं केल्या खरें वाटत नाहीं. दिवाळीच्या पहाटे देवळाच्या नगारखान्यांतून चौघडा ऐकूं आला म्हणजे थंडींतही अंथरुणांत राहवत नाहीं. तसेंच कांहींसें आम्हांस या आरंभानें होतें.

आमचे एक स्नेही आहेत. संगीताचे ते चांगले जाणकार, आणि म्हणूनच निर्दय. एकदां हा आरंभ त्यांना मोठ्या हौसेनें ऐकविल्यावर ते म्हणाले, “वाजवितात उत्तम. पण ज्याला तुम्ही भक्ति म्हणतां ती मुळांत राजाची खुशामत आहे, हें तुम्हांला ठाऊक आहे ना? बाखनें दरबारासाठीं केलेलें गाणें शब्द बदलून देवाच्या दारांत नेऊन ठेवलें. आणि तुमची तर गोष्टच वेगळी. धर्म तुमचा नाहीं, भाषा तुमची नाहीं. उसन्या मालावर तुमचा हा उसना आनंद!”

स्नेह्यांचा पुरावा खोटा नाहीं. सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसासाठीं सप्टेंबर १७३३ मध्यें, आणि राणीच्या वाढदिवसासाठीं त्याच वर्षींच्या डिसेंबरांत, बाखनें दोन संगीतकृति रचल्या होत्या. त्यांतील पुष्कळसें गायन त्यानें पुढल्या वर्षीं या ऑरेटोरिओंत घेतलें. तो नगाऱ्याचा आरंभही राणीच्या गौरवगीतांतला. तेथें पहिल्याच शब्दांत नगाऱ्यांना आणि तुताऱ्यांना वाजण्याची आज्ञा आहे, म्हणून नगारा प्रथम वाजतो. शब्द गेले, परंतु त्यांनीं दिलेली आज्ञा नगारा अद्यापि पाळतो आहे.

परंतु या गोष्टीनें मराठी माणसानें दचकावें असें कांहीं नाहीं. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती उघडून पाहाव्या. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असें लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा मुखडा दिलेला आढळतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें, त्यांत कीर्तनांतील साक्या व दिंड्या आहेत, लावणीच्या चाली आहेत, कानडी मुलखांतून आलेल्या चालीही आहेत. पुढें १९१६ सालीं ‘स्वयंवरा’साठीं भास्करबुवा बखल्यांनीं बड्या गवयांच्या चिजा रुक्मिणीच्या मुखांत घातल्या. ती चीज मूळची कोणत्या दरबारची, हा विचार तें पद ऐकणाऱ्याच्या मनांत येत नाहीं. चाल ही रिकाम्या घरासारखी असते. भाडेकरू बदलला म्हणून घर खोटें ठरत नाहीं. मात्र नवा भाडेकरू त्या घरांत सुखानें नांदला पाहिजे, एवढीच अट.

बाखच्या घरांत तो कसा नांदला याचें एकच उदाहरण देतों. राजपुत्रासाठीं केलेल्या कृतींत तरुण हर्क्युलिस दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे. सद्गुण त्याला एकीकडे बोलावतो, विलास दुसरीकडे. आणि विलासदेवता त्याला भुलविण्यासाठीं झोंपेचें गाणें गाते. ऑरेटोरिओच्या दुसऱ्या भागांत हेंच गाणें गव्हाणींतील बाळाची अंगाई होऊन आलें आहे. मोहिनीचें गीत मातेच्या तोंडीं शोभावें कसें? बाखनें केलें तें थोडकेंच, पण अचूक. उंच स्त्रीस्वरांतील तें गाणें त्यानें खालच्या स्त्रीस्वराला दिलें. जो आवाज भुरळ घालीत होता तो खालीं येतांच थोपटूं लागला. आमच्या तबकडींत हें गाणें क्रिस्टा लुडविग हिनें गाइलें आहे. एखादा स्वर ती इतका लांबविते कीं, पाळण्याची दोरी ओढून धरली आहे आणि सोडावयास मन होत नाहीं, असें वाटावें.

या गाण्याविषयींची एक घरगुती हकीकत सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. आमच्या मातोश्री शेवटच्या दुखण्यानें अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हां नाताळचे दिवस होते. शेजारच्या खोलींत हा दुसरा भाग हलक्या आवाजांत लावलेला होता. मातोश्रींना ती कथा ठाऊक नव्हती आणि भाषा तर नव्हतीच. डोळे मिटून पडल्या होत्या. झोंप लागली असें आम्हीं समजलों. अंगाई सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल, तोंच त्यांनीं विचारलें, “पाळणा लागलाय वाटतें. कुणाचा रे?”

आम्हीं सांगितलें, “येशूचा, आई.”

“असूं दे लावलेला,” त्या म्हणाल्या, “बाळ कुणाचं कां असेना.”

रामनवमीला भर दुपारीं आमच्या घरीं पाळणा म्हणावयाचा मान वर्षानुवर्षे त्यांचा होता. पुढल्या रामनवमीला तो दुसऱ्या कोणीं तरी म्हटला.

आमचे स्नेही म्हणतील कीं, मातोश्री फसल्या. तें मूळचें विलासाचें गाणें. आम्हांस मात्र वाटतें कीं, त्या क्षणीं त्या गाण्याची खरी ओळख त्यांच्याइतकी कोणासही पटली नसेल. त्यांनीं शब्दांचा आधार घेतला नाहीं, इतिहासाचा घेतला नाहीं, झोका ओळखला. राजपुत्राच्या वाढदिवसाचें पुढें काय झालें म्हणाल, तर तो १७६३ सालीं गादीवर आला आणि जेमतेम अडीच महिन्यांत, नाताळला आठवडा उरला असतां, देवीच्या रोगानें वारला. त्याच्यासाठीं रचलेलें गाणें परक्या बाळाच्या नांवावर चढलें, म्हणूनच तें आमच्या घरापर्यंत पोंचलें.

तरीही सर्वच उसनें चालतें असें नाहीं, आणि बाखला हें ठाऊक असावें. तिसऱ्या भागांत मेंढपाळ बाळाला पाहून परत जातात. मेरी मात्र कांहीं बोलत नाहीं. ऐकलेले शब्द मनांत जपून ठेवते, एवढेंच ल्यूकच्या शुभवर्तमानांत आहे. या ठिकाणीं एकटें व्हायोलिन आणि त्याच्या सोबतीला तोच खालचा स्त्रीस्वर, असें एक शांत गीत येतें. या कृतींतील एकलगीतांपैकीं हें एकच बाखनें नव्यानें रचलें असें जाणते मानतात. नगारे, तुताऱ्या, अंगाई हें सर्व दुसरीकडून आणतां आलें. ऐकलेलें मनांत सांठवून ठेवण्याचा प्रसंग आला तेव्हां मात्र त्याला कोऱ्या कागदाकडे वळावें लागलें. उत्सवाची सामग्री शेजाऱ्याकडून मागून आणतां येते. त्या उत्सवाचें मनांत काय उरवावें, हें ज्याचें त्यानें पाहावें लागतें.

या ध्वनिमुद्रणांत उणें कांहीं नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. रिख्टरचा समूह मोठा आहे, वाद्यें आधुनिक आहेत, आणि भजनें तो पुष्कळदां जड पावलांनीं चालवितो. पुढें हार्नोनकूर यानें बाखच्या काळच्या वाद्यांसह व मुलग्यांच्या कोवळ्या आवाजांत, आणि १९८७ सालीं जॉन एलियट गार्डिनर यानें, हीच कृति ध्वनिमुद्रित केली. ती अधिक हलकी, अधिक नाचरी झाली. आणि बाखच्या काळाशीं तीच अधिक इमानी असेल हेंही आम्ही मान्य करतों. गार्डिनर ऐकतांना आमचे पाय ताल धरतात. पण परत यावेंसें वाटतें तें रिख्टरकडे. आणि त्याचें एक कारण निवेदक फ्रिट्स वुंडरलिख हें आहे.

वुंडरलिख कथा सांगतो ती जणूं आजच सकाळीं घडली आहे अशी. दुसऱ्या भागांत मेंढपाळांना त्वरा करावयास सांगणारें एक गीत त्याच्या वांट्यास आलें आहे. त्यांतील ताना बासरीच्या बरोबरीनें धांवतात, आणि धांवतांना त्याचा आवाज कोठेंही आवळत नाहीं. हें गाइलें तेव्हां तो ३४ वर्षांचा होता. पुढल्याच वर्षीं, १७ सप्टेंबर १९६६ रोजीं, जिन्यावरून पडल्याचें निमित्त होऊन तो गेला. छत्तिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस अवकाश होता. हें ठाऊक झाल्यापासून तें गीत आम्हांस पूर्वीसारखें ऐकतां येत नाहीं. तो इतरांना त्वरा करा म्हणतो, आणि आम्हांस वाटतें, तूं थोडा थांब.

या कृतींत अशा जाणिवेलाही जागा आहे. पहिल्या भागांतील पहिलेंच भजन घ्या. येणाऱ्याचें स्वागत कसें करावें असा त्याचा आशय. पण त्याची चाल तीच कीं जी बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्यें, येशूच्या वधाच्या कथेंत, वारंवार येऊन काळीज हलविते. या चालीवर इतरही भजनें म्हटलीं जात. तेव्हां पाळण्यावर क्रूसाची छाया पाडण्याचा बाखचा हेतु होता असें छातीवर हात ठेवून म्हणतां येणार नाहीं. पण ज्यानें दोन्ही कृति ऐकल्या त्याच्या कानांना ती छाया टाळतां येत नाहीं. आणि सहाव्या भागाच्या अखेरीस तीच चाल तुताऱ्या व नगारे यांच्या गजरांत, विजयगीत होऊन परत येते. गंमत अशी कीं ही चालसुद्धां उसनी. हान्स लेओ हास्लर याच्या १६०१ सालच्या संग्रहांत ती एका विव्हळ प्रियकराच्या गीताला लावलेली होती. प्रियकराकडून ती क्रूसापाशीं आली, क्रूसापासून गव्हाणीपाशीं. दरेक मुक्कामीं तिनें कांहीं जोडलें, आणि मागचें टाकलें नाहीं. मातोश्रींच्या मागें आलेल्या पहिल्या नाताळांत घरांत गाणें लावावें कीं नाहीं, असा प्रश्न पडला होता. आम्हीं लावलें. ज्या आनंदाला दुःख ठाऊकच नाहीं तो त्या वर्षीं आमच्यानें ऐकवला नसता; हा ऐकवला.

तेव्हां आमचा आनंद उसना आहे हा आरोप आम्हांस मान्य आहे. बाखनें राणीकडून घेतला, रिख्टरनें बाखकडून, आम्हीं रिख्टरकडून. आणि मातोश्रींनीं शेजारच्या खोलींतून घेतला. उसनें आणलेलें परत करावें, हा सांसारिक नियम येथें लागू करावयाचा तर परत कोणाला करावें? राणी नाहीं, बाख नाहीं, रिख्टर नाहीं. पुढच्याला देणें एवढाच मार्ग उरतो. आमचे टीकाकार स्नेही गेल्या नाताळांत, “फक्त तिसरा भाग पुन्हां एकदां पाहतों,” असें म्हणून तीनही तबकड्यांचा संच घेऊन गेले. तो त्यांनीं अजून परत केलेला नाहीं, आणि आम्हीं मागितलेला नाहीं.