उटनूर ते कोनासमुद्रम्

आदिलाबादहून उटनूरचा रस्ता धरला की कापसाची काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि सातमाळा डोंगरांतील सागाचे जंगल सुरू होते. उटनूरच्या बाजारात तेलुगूबरोबर गोंडी आणि मराठीही कानी पडते. परमुलखात आपली बोली ऐकून आम्हांला बरे वाटले; मात्र या खेपेस आम्ही निघालो होतो ते या डोंगरांतील जुन्या धातुविद्येच्या शोधात.

पहिला मुक्काम जैनूरजवळचे उशेगाव. येथे ओझा कारागिरांची वस्ती आहे. मातीचा गाभा करावा, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून नक्षी उठवावी, वर पुन्हा मातीचा लेप द्यावा, ही त्यांची रीत. भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस उतरतो. साचा फोडल्यावाचून वस्तू हाती येत नाही. म्हणून एकीसारखी दुसरी कधी होत नाही. राजगोंड व कोलामांचे देव, घंटा, मोर, दिवे हे सारे याच हातांचे. 2018 साली या कलेस भौगोलिक मानांकन लाभले.

तेथून खानापूरमार्गे गोदावरी ओलांडून आम्ही निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् गाठले. आज हे एक साधे खेडे. परंतु एके काळी येथील पोलाद थेट इराणात जात असे. सर्वेक्षण खात्यातील वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री वॉयसी याने येथील भट्ट्या पाहून लिहिलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये, प्रसिद्ध झाले. मिरतपल्लीचे लोखंड तीन भाग आणि कोंडापूरचे दोन भाग मुशीत घालून येथे पोलाद करीत. इस्फहानचा व्यापारी हाजी हुसेन त्याला येथेच भेटला होता. आपल्या देशात या पोलादाची नक्कल करण्याचे प्रयत्न फसले, असे त्याने सांगितले. गंमत अशी की आपला ‘पोलाद’ हा शब्द फारसीतूनच आला; माल इकडून गेला आणि नाव तिकडून आले!

2010 साली भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी उत्तर तेलंगणाची पाहणी केली, तेव्हा जुन्या लोहकामाच्या खुणा दोनशेहून अधिक ठिकाणी आढळल्या. ज्यांनी हे पोलाद केले त्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत. स्वस्त विलायती लोखंड आले, कोळशासाठी जंगल तोडण्यावर बंधने आली आणि भाते थंडावले. मागे उरले ते लोहकीट आणि फुटक्या मुशींच्या खापऱ्या.

परतीच्या वाटेवर आमच्यात एकच चर्चा चालली होती. ज्या पोलादाची कीर्ती समुद्रापार गेली ते संपले आणि उशेगावचे पितळ का टिकले? आम्हांला सुचलेले उत्तर साधे आहे. पोलादाचे मोठे गिऱ्हाईक हजारो कोस दूर होते. ते यायचे थांबले. ओझांचे गिऱ्हाईक शेजारच्या गोंडवस्तीत आहे. तेथल्या देवाला मूर्ती लागते, सणाला घंटा लागते. विद्या कीर्तीवर जगत नाही, रोजच्या गरजेवर जगते. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या मराठी राखणाऱ्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको.

वाचकांपैकी कोणी उटनूरच्या बाजूस गेले, तर उशेगावी अवश्य थांबावे आणि एखादा दिवा विकत घ्यावा. तो शोभेच्या कपाटात मात्र ठेवू नये; देवघरात तेल घालून लावावा.