काठमांडूस जावे की थांबावे?

पर्युषण पर्वाची सांगता होऊन दोनच दिवस झाले होते. सांगलीतील एका अडत व्यापाऱ्याच्या घरी नेपाळयात्रेची तयारी चालली होती. वहीपूजन आणि भाऊबीज आटोपली की आजी-आजोबांसह सात जणांनी काठमांडूस जायचे, असा बेत होता. विमानाची तिकिटे काढून झाली होती, हॉटेलची आगाऊ रक्कमही भरली होती. हिमालय एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आजींची फार दिवसांची इच्छा होती. अशातच ८ सप्टेंबर २०२५ रोजी काठमांडूतील गोळीबाराची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसू लागली.

सरकारने ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली होती. भ्रष्टाचार आणि बेकारी यांविषयी तरुणांत आधीच धुमसणारा असंतोष त्यामुळे उफाळून आला. पहिल्याच दिवशी १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. सिंहदरबार, संसद भवन आणि सर्वोच्च न्यायालय यांना आगी लावल्या गेल्या. त्रिभुवन विमानतळ बंद करण्यात आला. मृतांची संख्या पुढे ७० च्या वर गेली. पेटलेल्या हॉटेलातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करताना जीव गमावलेली एक भारतीय यात्रेकरू महिलाही त्यांत होती. परिस्थिती स्थिर होईपर्यंत नेपाळचा प्रवास पुढे ढकलावा, असा सल्ला भारत सरकारने दिला.

घरात दोन मते पडली. ‘पैसे गेले तर गेले, माणसे धोक्यात घालायची नाहीत,’ असे थोरल्या मुलाचे म्हणणे. विमानतळ १० तारखेलाच पुन्हा सुरू झाला, माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी १२ तारखेला अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीखही जाहीर झाली; मग भीती कसली, असा धाकट्याचा युक्तिवाद. आजोबांनी दोघांनाही थांबवले. ‘भाव पडला म्हणून त्याच दिवशी माल फुंकून टाकायचा नसतो आणि सावरला म्हणून त्याच दिवशी भरायचाही नसतो. दसऱ्यानंतर बोलू.’

मधल्या दिवसांत धाकट्याने कागद नीट वाचले. प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत दंगल आणि नागरी अशांततेमुळे होणारे नुकसान वगळलेले आढळले. तिकिटे कोणत्या तारखेपर्यंत रद्द केली तर किती रक्कम परत मिळते, हे त्याने वहीत मांडले. काठमांडूतील ठरलेल्या चालकाला फोन केला. हंगाम बुडाल्याने तो अडचणीत होता, तरी म्हणाला, ‘आज या म्हणणार नाही, साहेब. पंधरा दिवसांनी विचारा.’ या एका वाक्याने त्याच्यावरचा विश्वास वाढला.

पंधरा दिवसांनी शहर शांत होते. पण संकट वेगळ्याच दिशेने आले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीने पूर्वेकडील इलाम जिल्ह्यात दरडी कोसळल्या, अनेकांचे बळी गेले, काठमांडूकडे येणारे महामार्गही बंद ठेवावे लागले. पोखऱ्याचा रस्त्याचा प्रवास तेथेच रद्द झाला.

अखेर प्रश्न मांडला तो आजोबांनीच. नेपाळ सुरक्षित आहे का, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. पुन्हा संचारबंदी लागली आणि दोन दिवस हॉटेलात अडकावे लागले, तर आपल्यापैकी कोणाला ते झेपणार नाही, एवढेच पाहा. उत्तर त्यांच्या स्वतःकडेच येत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. रस्ते बंद असताना रुग्णालय गाठणार कसे? त्यांनी घरी राहायचे ठरवले. दुकान आणि वडील यांच्यासाठी थोरलाही थांबला. आजी म्हणाल्या, ‘अहो, मग मीही राहते.’ त्यावर आजोबांनी उत्तर दिले, ‘तू जा. मी निवडणूक झाल्यावर बघेन.’

पाच जण दिल्लीहून थेट विमानाने गेले. परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवला होता. बँका बंद पडल्याच तर अडचण नको म्हणून शंभराच्या नोटा जवळ घेतल्या होत्या, कारण त्याहून मोठ्या भारतीय नोटा तेव्हा तेथे चालत नव्हत्या. खाकरा, चिवडा, मेतकूट अशी दोन दिवसांची शिदोरीही होती. विमानाच्या डाव्या खिडकीतून हिमशिखरांची रांग दिसू लागली, तेव्हा आजींनी हात जोडले. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

काठमांडूत सिंहदरबाराच्या काळवंडलेल्या भिंती रस्त्यावरून दिसत होत्या. पण भारत आणि तिबेट यांच्यातील जुन्या व्यापारी वाटेवरच्या असन चौकात मसाले, धान्य, सुकामेवा आणि पितळी भांडी यांची दुकाने गजबजली होती. पाटणच्या दरबार चौकात मंदिरांच्या पायऱ्यांवर माणसे निवांत बसली होती. मोजक्याच पाहुण्यांमुळे दुकानदार आपुलकीने बोलत. असनमधील एका वृद्ध व्यापाऱ्याने आजींना वेलदोडे तोलून दिले आणि त्या दिवसांत दुकान बंद ठेवून आपण आत कसे बसून होतो, ते सांगितले. उठताना आजींनी आणखी पावशेर वेलदोडे मागितले. घरी पुरेसे होते, हे सुनेला माहीत होते. ती काही बोलली नाही.

परतल्यावर आजोबांनी हिशेबाची वही उघडली. रद्द झालेल्या दोन तिकिटांचे नुकसान लिहिले, पोखऱ्याच्या हॉटेलची बुडालेली रक्कम लिहिली. मग नव्या पानावर मार्च २०२६ असे लिहून त्याखाली चालकाचा फोन क्रमांक उतरवून ठेवला.