वारा कुणीकडचा? कोल्हापूरच्या तळ्याकाठची भटकंती

कोल्हापूरला पाण्याची ददात नाही. शहराच्या पश्चिमेला रंकाळा, दक्षिणेला कळंबा, विद्यापीठाच्या अंगाला राजाराम तलाव, भर वस्तीत कोटीतीर्थ आणि उत्तरेकडून वळसा घालून जाणारी पंचगंगा. पण या पाण्याशी आपल्या मुलाबाळांची ओळख किती? उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुठल्या ना कुठल्या गावाहून पोहायला गेलेला मुलगा घरी न आल्याची बातमी येते. मग आठ दिवस आयाबाया मुलांना पाण्याकडे फिरकू देत नाहीत. पुढे सारे विसरतात आणि मुले गुपचूप जाऊ लागतात.

२०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात भारताच्या इबाद अलीने शीड लावलेल्या फळीवर उभे राहून शर्यत केली आणि कांस्यपदक मिळवले. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. त्याच स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीने शिडाच्या छोट्या होडीत रौप्यपदक पटकावले. ही मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली ती भोपाळच्या तलावावर, जिथे समुद्र शेकडो मैल लांब आहे. आमच्या वसाहतीतल्या मुलांनी हे ऐकले आणि सरळ प्रश्न केला, "भोपाळला जमतंय, मग रंकाळ्यात का नाही?"

प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा आम्ही चार-पाच कुटुंबांनी ठरवले की रविवारी भाकरी बांधून घ्यायची, केएमटीच्या बसने निघायचे आणि एकेक तळे नीट पाहायचे. नवशिक्याने पाण्यात कुठे उतरावे आणि कुठे उतरू नये, एवढाच विषय.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. माणसाच्या उंचीहून लांब अशी तरंगती फळी, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड. डोलकाठी बुडाशी सांध्यावर बसवलेली असते, त्यामुळे ती हवी तिकडे कलते. सुकाणू नसते. उभ्या माणसाने शिडाची आडवी काठी दोन्ही हातांनी धरायची आणि शीड पुढे-मागे कलवून फळी वळवायची. खाली माशाच्या पंखासारखे एक पाते असते, ते फळीला आडवी घसरू देत नाही. ऐकायला सोपे वाटते. पण पहिले काही दिवस शिकणारा पडतो, चढतो, पुन्हा पडतो, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला ढकलत नेत असतो. वाऱ्याच्या उलट दिशेने परत येणे ही शिकल्यानंतरची विद्या आहे. नवशिका वारा नेईल तिकडे जातो.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न पाणी किती खोल हा नव्हेच. वारा मला कुठे नेऊन सोडील, हा पहिला प्रश्न. वारा पाण्याकडून आपल्या काठाकडे येत असेल तर दमलेला माणूस आपोआप काठाला लागतो. वारा आपल्या पाठीकडून पाण्यात जात असेल तर तो दर मिनिटाला काठापासून लांब जातो. यात एक फसगत आहे. पाठीमागे झाडे, घरे, बांध असले की काठाजवळ वारा लागतच नाही, पाणी आरशासारखे दिसते आणि ही जागा बरी असे वाटते. पन्नास-साठ हात आत गेले की आडोसा संपतो आणि वारा एकदम पकडतो. हवा भरलेली ट्यूब घेऊन डुंबणाऱ्या पोरांचेही असेच होते. ट्यूब म्हणजे बिनकाठीचे शीडच! आपल्या घरात शिडाची फळी उद्या येणार नाही, ती महाग आहे. ट्यूब मात्र आजही पंक्चरच्या दुकानात मिळते. तेव्हा हा नियम सर्वांनीच लक्षात घ्यावा.

आता रंकाळा. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाताना वारा समोरून तोंडावर येतो, हे प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेकडचा. तळे पश्चिमेला आणि चौपाटी पूर्वेच्या काठाला, म्हणजे वारा पाण्यावरून काठाकडे येतो. पाण्याचा विस्तारही मोठा आहे. तेवढ्यावरून आमच्यातली तरुण मंडळी खूश झाली. पण काठ पाहा. उतरता वाळूचा किंवा मातीचा काठ चौपाटीला नाही, बांधीव दगडी तट आहे. वाऱ्याने ढकललेली फळी आणि तिच्यावरचे पोर जाऊन आदळणार ते दगडावर. शिवाय रंकाळा जुन्या दगडाच्या खाणीतून झाला असे परंपरा सांगते, तेव्हा तळ सारखा असेल अशी आशा धरू नये. गुडघाभर पाण्यात चालता चालता पाय अधांतरी जाणे, ही बुडण्याची सर्वांत साधी वाट आहे. सांडपाणी, शेवाळ आणि जलपर्णी यांनी रंकाळ्याला कित्येक वर्षे छळले आहे. ज्या पाण्यात दिवसातून पन्नास वेळा तोंड बुडायचे ते पाणी स्वच्छ हवे, आणि ज्या पाण्यात फळीचे पाते फिरायचे तिथे वेल-गवत नको. शालिनी पॅलेस, संध्यामठ डोळे भरून पाहावेत. शिकायला हे तळे आमच्या मनास आले नाही.

रंकाळ्याजवळच इराणी खण आहे. अशा खणी आपल्या जिल्ह्यात आणखीही आहेत. खणीचे पाणी निळेशार दिसते, मुलांना ते ओढते. पण खणीला काठ असा नसतोच. पहिले पाऊल टाकले की खोल. वर येताना हाताला धरायला सरळ कातळ, तोही शेवाळलेला. पोहणारा माणूससुद्धा तिथे बाहेर निघताना दमून जातो. खणीत उतरायचे नाही. यात मधला मार्ग काढू नये.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो असताना आमच्याबरोबरच्या एका आजींना मुलांनी विचारले, "आजी, तुम्ही लहानपणी पोहायचा का?" आजी हसल्या. "आमाला पानी वरनं वाढायचं, बाळा. वंजळ धरून बसायचं. पवतोय कशाला?" मुले गप्प झाली. ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही त्यांना तळ्याचा तळ कसा कळणार? याच कोल्हापुरात राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी आणि पाणवठे सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याला शंभर वर्षे होत आली. पाण्यावरचा हक्क आला, पण पाण्यातली विद्या अजून आपल्या पुष्कळ घरांत आलेली नाही. मुलींच्या बाबतीत तर फारच थोडी. घरात शिकवणारे कुणी नसते, म्हणून मुले मित्रांच्या भरवशावर जातात, आणि मित्रालाही येत नसते.

पंचगंगेविषयी लिहायचे तर पुष्कळ आहे. घाट सुंदर आहे. उन्हाळ्यात पाणी संथ असते, घाटावर पोहणाऱ्या थोरामोठ्यांची वर्दळ असते, आणि त्यांच्या नजरेखाली पायऱ्यांजवळ लहान मुले शिकतातही. पण वाहते पाणी शिडाच्या नवशिक्यासाठी नव्हे. वारा एकीकडे, ओढ दुसरीकडे, त्यात हातात शीड. त्याहून महत्त्वाचा इशारा बंधाऱ्यांचा. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे महाराष्ट्रभर गेले. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे बसवायचे, पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी ते काढायचे, अशी त्यांची रीत. बर्गे बसवलेले असताना वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखे थांबलेले दिसते, पण फटींतून ओढ चालूच असते. आणि बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तेव्हा खालच्या अंगाला ते नुसते पुढे जात नाही, गोल फिरून पुन्हा भिंतीकडे येते. त्यात सापडलेली वस्तू तिथेच वरखाली होत राहते. लाकडाचा ओंडका टाकून पाहा, कळेल. माणसाचेही तेच होते, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ साली ती ५५ फुटांच्या वर गेली होती. अशा दिवसांत पुलावरून उड्या मारणारे धाडसी तरुण आपण पाहतो आणि टाळ्याही वाजवतो. टाळ्या वाजवू नयेत असे आमचे मत आहे. शेजारी उभे असलेले बारा वर्षांचे पोर ते बघत असते. राधानगरीचेही ध्यानात ठेवावे. तिथल्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. आपल्या गावी ऊन पडलेले असते आणि भोगावती चढू लागते. म्हणून पावसाळ्यात आभाळ पाहून नदीत उतरू नये.

कोटीतीर्थ लहान, चहूबाजूंनी वस्ती, वारा तुटक-तुटक लागतो. शिडाच्या उपयोगाचे नाही. कळंबा ऐसपैस आहे, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी त्यात साठते, आणि पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की बघायला गर्दी लोटते. पण ते पिण्याच्या पाण्याचे तळे. त्यात खेळ मांडायचा नाही. भरलेल्या कोणत्याही तलावाच्या सांडव्यापासून मुलांना दूरच ठेवावे, तिथे पाणी वरून शांत आणि खालून ओढाळ असते.

राजाराम तलावावर आम्ही जास्त वेळ थांबलो. भोवती मोकळा माळ, त्यामुळे वारा सलग येतो, झाडाघरांनी कापला जात नाही. सकाळी पोहणारी माणसे होती. एका बाजूला मातीचा उतार सावकाश पाण्यात जातो. आमच्यातले दोघे पोहणारे काठी घेऊन उतरले, काठीने तळ चाचपत छातीभर पाण्यापर्यंत गेले. चिखल होता, पण खड्डा लागला नाही. तेवढ्यात जाळे घेऊन बसलेल्या एका काकांनी हाक मारली, "पावणं, हितं हाय ते बरं हाय. त्या बांधाकडं मातूर जाऊ नगासा, तिकडं तळ गावायचा न्हाई." हे ज्ञान कुठल्या फलकावर लिहिलेले नसते. नव्या पाण्यावर गेल्यावर मासे धरणारा, म्हशी धुणारा, धुणे धुणारी मावशी यांना आधी विचारावे. त्यांना एकेक हात पाणी ठाऊक असते. मात्र यंदा विचारलेले पुढच्या वर्षी धरून चालू नये. पुरानंतर गाळ हलतो, माती काढलेली असली तर तळ बदलतो.

मुलांचा प्रश्न होता, त्याचे उत्तर आम्ही असे दिले. पाहिलेल्या पाण्यांत शिडाला त्यातल्या त्यात योग्य ते राजाराम तलावाचे उतरते अंग, तेही वारा त्याच अंगाकडे येत असेल त्या दिवशी, परवानगी घेऊन आणि शिकवणारा जाणता माणूस सोबत असेल तर. राधानगरीच्या धरणाचा विस्तार मोठा खरा, पण डोंगरांमधून वारा दिशा बदलत येतो, भोवती अभयारण्य आहे आणि मदत लांब आहे. ज्याला हा खेळ पुढे खरोखर शिकायचा आहे त्याने गोव्याची चौकशी करावी. तिथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, जीवरक्षकाचे शिक्षणही तिथे मिळते, आणि समुद्रकाठी त्या कामाला नोकरी आहे. आपल्या होतकरू मुलांनी हे मनावर घ्यावे.

हंगामाचेही बोलले पाहिजे. पावसाळ्यात वारा जोरकस, पाणी गढूळ, तेव्हा नाही. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळीव येतो. ढग काळे झाले की आधी वाऱ्याचा झोत येतो, मग गारा, विजा. पहिला गडगडाट ऐकू आला की सर्वांनी पाण्याबाहेर, शिडाच्या काठीपासूनही दूर. दिवाळीनंतर माघापर्यंत वारा मंद असतो, पण तो पुष्कळदा पूर्वेकडचा. म्हणजे उन्हाळ्यात बरा असलेला काठ हिवाळ्यात उलटा पडतो. ओंजळभर वाळले गवत उडवून पाहावे. पाण्यावर बारीक सुरकुत्या असतील तर शिकायला तेवढा वारा पुरे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की नवशिक्याने थांबावे.

पण या सगळ्याच्या आधी पोहणे. रंकाळ्याशेजारी महापालिकेचा अंबाई टँक आहे, तो कधी सुरू असतो याची चौकशी करून मुलामुलींना घालावे. तळ दिसणारे पाणी, धरायला कड, काठावर शिकवणारा. भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत ढकलण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेलेला आणि २०१० साली आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक आणणारा वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचाच. पदक सोडा, पन्नास मीटर न थांबता पोहता आले आणि दहा मिनिटे पाठीवर तरंगता आले, की मग तळ्याचे नाव काढावे. तिथेही अंगात तरंगता जाकीट हवेच. फळीवर असताना वाऱ्याने लांब नेले तर फळी सोडून पोहत यायचे नाही. फळी बुडत नाही. शीड पाण्यात आडवे टाकावे, फळीवर बसून दोन्ही हात वर-खाली हलवावेत. ट्यूब असेल तर तीही सोडू नये.

काठावर एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे पाहत बसायचे, स्वयंपाकपाणी, गप्पा इतरांनी कराव्यात. कुणी बुडू लागले तर पोहता न येणाऱ्याने उडी टाकू नये. दोघांनी जाऊन दोघेही गेल्याच्या बातम्या थोड्या नाहीत. काठावर पालथे पडून काठी, लुगडे, ओढणी पुढे करावी. लांब असेल तर दोरी लागते. आम्ही आता पंचवीस हात सुती दोरी आणि झाकणाचा पाच लिटरचा डबा बरोबर ठेवतो. डब्यात तांब्याभर पाणी राहू द्यावे. अगदी रिकामा डबा वाऱ्याने उलटा आपल्याकडेच येतो.