शिकवणी की स्वाध्याय?

विरार ते चर्चगेट हे 60 किलोमीटरांचे अंतर रोज दोनदा कापून उरणाऱ्या वेळात आम्ही प्रोग्रॅमिंग शिकू लागलो. घरात पगार एकच. शिकवणीची फी परवडेना. यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हाताशी होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतूनही विनामूल्य होते. मग मास्तर कशाला?

सी भाषेत अर्धविराम राहिला, की कंपायलर पुष्कळदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. खरी जागा मास्तर क्षणात दाखवतात. एकट्याने शोधताना रात्र सरते. पण ती रात्र काढणाऱ्याला पुढच्या खेपेस शोधावे कुठे, हे कळलेले असते. म्हणून आमचे मत असे, की आधी अडावे आणि मगच फी मोजावी. न अडलेल्याला मास्तर तरी काय सांगणार?