उष्णतेचा जमाखर्च

मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या माथ्यावर मध्याह्नीचा सूर्य जवळजवळ लंबरूप येतो. आणि त्यामुळे ज्या दिवसांत विदर्भ होरपळत असतो, नेमक्या त्याच दिवसांत भिंतींवरून ऊन तिरपे घसरते, तर सपाट गच्चीच्या दर चौरस मीटरवर भर दुपारी सुमारे १००० वॉटचा वर्षाव सरळ होत राहतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना इमारतींचे उष्णताविज्ञान शिकविताना मी आरंभ येथूनच करतो, कारण उष्ण प्रदेशात ऊर्जाबचतीचा विचार यंत्रांच्या आधी छपरापासून सुरू झाला पाहिजे, अशी माझी दृढ धारणा आहे.

छपराचा आराखडा करावयास दिला, की विद्यार्थ्यांची पहिली तजवीज बहुधा स्लॅबला खालून थर्माकोलचे अस्तर लावण्याची असते. तेव्हा मी त्यांना उष्णतेच्या वेळेचा हिशेब मांडावयास सांगतो. सहा इंची काँक्रीट ओलांडावयास उष्णतेला चार ते पाच तास लागतात. म्हणजे दुपारी गच्चीने घेतलेले ऊन सायंकाळी छताशी पोहोचते, आणि घरातील माणसे पाठ टेकतात तेव्हाही छत तप्तच असते. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा थर इतका जाड असे, की उष्णतेची लाट त्यातच बव्हंशी विरून जाई. आपण तो थर काढला आणि विलंब तेवढा शिल्लक ठेवला. अस्तर खालून लावल्याने खोलीतील झळ कमी होते हे खरे, परंतु स्लॅब उन्हात तापतच राहतो आणि प्रसरण-आकुंचनाने त्यास भेगा जातात. तेच अस्तर वरून घालून त्यावर कोबा व पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर स्लॅब सावलीत राहतो, दिवसा खोलीतीलच उष्णता शोषतो आणि रात्री खिडक्या उघडल्या की ती वाऱ्याच्या स्वाधीन करतो.

पृष्ठभागाची निवडही तितकीच महत्त्वाची. नवा चकाकणारा पत्रा पुष्कळसे ऊन परतवितो, परंतु स्वतःची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने सोडण्यात तो अत्यंत कृपण असतो. चुना ही दोन्ही कामे करतो. ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांना निरभ्र, कोरडे आकाश थेट अंतराळाकडे वाट देते. आणि याच तत्त्वावर स्टॅनफर्ड येथे शानहुई फॅन, आस्वथ रामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली भर उन्हात भोवतालच्या हवेहून सुमारे ५ अंश थंड राहणारा पृष्ठभाग सिद्ध केला. कोकणच्या दमट हवेत ही वाट पुष्कळशी रोखली जाते. म्हणून तेथील विद्यार्थ्याने उतरत्या कौलांखालून वारा खेळविण्याचाच विचार प्रथम करावा.

२०१८ च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या छपराची उष्णता-पारगम्यता दर चौरस मीटर, दर अंशास १.२ वॉटपर्यंत मर्यादित केली आहे. उघड्या स्लॅबची ती तिहींहून अधिक भरते. ही तफावत कागदावर भरून काढणे कठीण नाही. परंतु चुन्यावर धूळ बसते, पावसाने तो झिजतो, आणि ज्या आराखड्याच्या अंदाजपत्रकात दरसाल पुन्हा चुना देण्याची तरतूद नाही, तो आराखडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी मी अपूर्णच मानतो. म्हणून नगरपालिकांनी आपल्या शाळांची एकेक गच्ची विद्यार्थ्यांच्या हवाली करावी, आणि विद्यार्थ्यांनी तिचे तापमान वर्षभर नोंदवावे. कारण आराखडा करणाऱ्याने त्या छपराखाली एक उन्हाळा काढल्यावाचून त्याची विद्या पुरी होत नाही.